डाव्या छातीवरची फाट

मी जामा बोलतोय. मधल्या कपाटातला, बिनडोक्याच्या बाहुलीवर चढवलेला, निळा-तांबडा रेशमी. हो, तोच. तुम्हाला वाटतंय की तुम्ही माझ्याकडं बघताय, पण खरं म्हणजे काचेत बघून केस नीट करताय. करा. सगळेच करतात. त्याचं मला काही वाटत नाही. माझ्या पायाशी लावलेली पाटी वाचून तुम्ही माना डोलावता, तेव्हा मात्र माझ्या जिवाला लागतं.

पाटीवर लिहिलंय, 'बुखारी यहुदी वधूचा जामा, सन १९४६, मूळ स्थितीत.' त्याखाली बुलोरचं नाव, आणि त्याखाली 'मुलगा रूबेन यांच्याकडून सप्रेम भेट'. साल खरं आहे. बुलोरचं नावही खरं आहे. बाकीच्यात काय खोटं आहे आणि ते कुणी घातलं, हे सांगायलाच मी आज तोंड उघडलंय.

माझा जन्म ह्याच बुखाऱ्यातला, इथून चार गल्ल्या पलीकडं, हिस्कियो रंगाऱ्याच्या अंगणातला. आमच्याकडं रेशमाचा ताणा विणायच्या आधीच जागोजागी बांधतात आणि रंगवतात. तांबडा आणि पिवळा उकळत्या कढईत चढतो. ते काम ताजिक कारागिरांचं. निळा मात्र थंड रांजणात चढतो, आणि ते काम पिढ्यान्‌पिढ्या यहुद्यांचं. हिस्कियोचे हात कोपरापर्यंत निळे होते. मोहल्ल्यातले लोक विचारायचे, "हिस्कियो, अंघोळ करतोस की नाही रे?" तो म्हणायचा, "रोज करतो. पाणी निळं होतं, मी काही गोरा होत नाही."

लढाई नुकतीच संपली होती. हिस्कियो दिवसभर सरकारी रंगशाळेत सैनिकांच्या कापडाला मातकट रंग द्यायचा. घरी आला की हातपाय न धुताच अंगणातल्या जुन्या रांजणापाशी जायचा, कारण त्यात एकुलत्या एका लेकीच्या लग्नाचं रेशीम भिजत होतं. घरातली नीळ संपत आली होती. उरलेला शेवटचा खडा त्यानं माझ्यासाठी फोडला. रांजणातून निघालो तेव्हा मी हिरवट होतो. वारा लागला तसा निळा होत गेलो. तो ओला पिळा हातात धरून हिस्कियो कितीतरी वेळ उभा होता, आणि मग बायकोला म्हणाला, "पोरगी म्हातारी होईल, पण हा रंग उतरायचा नाही." त्या वेळी मला वाटलं, म्हातारा बढाई मारतोय. पण बघा, सत्तर वर्षं होत आली, उतरला नाही.

मला शिवलं त्या लेकीनं, बुलोरनं, स्वतःच्या हातानं. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. आतून फुलाफुलांच्या रशियन चिटाचं अस्तर लावलं, आणि काठाला असे बारीक टाके घातले की मोजायला भिंग लागावं. लग्नात मी काय मिरवलो म्हणून सांगू. डफावर थाप पडली आणि ती दोन्ही हात उचलून गोल फिरली, तेव्हा अंगणातल्या सगळ्या बायकांच्या नजरा माझ्यावर होत्या. थोडा गर्विष्ठच झालो होतो मी. नंतर कसर लागू नये म्हणून अक्रोडाच्या पानांत गुंडाळून पेटीत गेलो, सणावारी बाहेर आलो, पुन्हा पेटीत गेलो. चांगल्या कपड्याचं आयुष्य असंच असतं. बहुतेक वेळ वाट बघण्यात जातो.

एकसष्ट सालच्या जानेवारीत हिस्कियो गेला. सकाळचा हिरवा चहा पिता पिता गेला, कप अर्धा भरलेला. बायका जमल्या. आमच्या लोकांत जवळचं माणूस गेलं की अंगावरचं वस्त्र फाडतात. आई-बापासाठी डाव्या बाजूला, काळजावर. शेजारची तोवो एका हातात वस्तऱ्याचं पातं आणि दुसऱ्या हातात एक विटका सुती झगा घेऊन आली. बघते तर बुलोर पेटीतून मला काढून अंगावर चढवत होती.

"वेडी झालीस का?" तोवो म्हणाली. "हा झगा घाल. फाडायचं म्हटलं की सगळे जुनंपानंच घालतात."

"सगळे घालू देत."

"अगं, रेशीम आहे ते. तुझ्या लग्नाचं आहे."

"म्हणूनच. तुझ्या त्या झग्याला माझा बाप माहीत तरी आहे का?"

तोवोनं विटका झगा बाजूला ठेवला. तिनं पात्यानं माझ्या गळ्यापाशी जरासा छेद दिला, तेवढंच दुसऱ्यानं करायचं असतं, आणि पुढचं बुलोरनं दोन्ही मुठींत धरून स्वतः फाडलं. वीतभर. रेशीम फाटताना ओरडतं, ते तुम्ही कधी ऐकलंय की नाही कोण जाणे. घरातल्या सगळ्या बायका त्या आवाजानं गप्प झाल्या.

खरं सांगतो, मी रागावलो होतो. सात दिवस ती मला घालून जमिनीवर बसली आणि सातही दिवस मी रुसलेला होतो. मला वाटत होतं, माझा सत्यानाश झाला. येणारा-जाणारा आधी तिच्या तोंडाकडं बघायचा आणि मग माझ्या फाटेकडं. हळूहळू माझ्या ध्यानात आलं, की माझ्याकडं बघून लोक आवाज खाली आणतात. लग्नात लोकांनी मला नावाजलं होतं. आता ते मला मान देत होते. तीस दिवस झाले तेव्हा बुलोरनं पांढरा दोरा घेतला आणि फाट अंग उघडं पडणार नाही इतपत जोडली. मोठे, वाकडेतिकडे कच्चे टाके. तिला वाकडं शिवायला किती त्रास झाला ते मीच जाणतो. हात सवयीनं सरळ जायचा, ती मुद्दाम वळवायची.

त्यानंतर ती मला वर्षातून एकदाच घालायची, बापाच्या वर्षश्राद्धाला. त्या दिवशी अंगणात पंगत बसायची. लसूण-कोथिंबिरीच्या पाण्यात बुडवलेली तळलेली मासळी, कोथिंबिरीचा हिरवा भात, आणि प्रत्येक जण हिस्कियोची एकेक गोष्ट सांगायचा. अशाच एका पंगतीनंतर, रूबेन शिकून नुकता इंजिनियर झाला होता तेव्हा, तो आईला म्हणाला, "आई, एकदा रफू करून घे की. माझे ऑफिसातले लोक बघत होते."

"बघू देत. बघण्यासाठीच आहे ते."

"पण बरं दिसतं का? लोक म्हणतील, मुलगा इंजिनियर आणि आई फाटक्यात."

बुलोर ताटं विसळत होती. तिनं हात पुसले आणि त्याला समोर बसवलं. "नीट ऐक. भाऊ गेला, नवरा गेला, तर फाडलेलं पुढं धड शिवता येतं. आई-बापासाठी फाडलेलं नाही येत. असे कच्चे टाके चालतात, रफू नाही. कधीच नाही. आणि नुसतं मी नाही करायचं असंही नाही. उद्या तू हा कुणाला दिलास, विकलास, तर त्यानंही करायचं नाही. त्याला कसं कळणार ते?"

"मी सांगायचं."

"काय सांगशील?"

"रफू करायचं नाही."

"आणि?"

"आणि का नाही ते," रूबेन म्हणाला. जरा कंटाळूनच म्हणाला, पण म्हणाला. मी दोघांच्या मध्ये होतो, माझ्या कानांनी ऐकलंय.

नव्वदनंतर मोहल्ला रिकामा होत गेला. रोज एका घराला कुलूप. कुणी इस्रायलला, कुणी अमेरिकेला. रूबेन निघाला तेव्हा आईची समजूत घालत होता, "इथं आता प्रार्थनेला लागतात ती दहा माणसंही जमत नाहीत, आई. चल." ती म्हणाली, "मीही गेले तर माझ्या बापाच्या कबरीवर कोण जाईल? तू?" तो एकटाच अमेरिकेला गेला. मला त्याचा राग आला नव्हता. माणसाला पोट असतं, मुलंबाळं असतात, एवढं जाम्यालाही कळतं. बुलोर मात्र पुढची वीस वर्षं दर जानेवारीला मला घालत राहिली. शेवटी शेवटी पंगतीला ती आणि तोवो अशा दोघीच असायच्या. दोन ताटं, तरी गोष्ट सांगायच्या. तोवो दर वर्षी तीच अंघोळीची सांगायची आणि दोघी दर वर्षी हसायच्या.

मग बुलोर गेली. रूबेन विमानानं आला. केस पांढरे झालेले, पोट सुटलेलं. सात दिवस बसला, सगळं रीतीनं केलं, आणि मग घर आवरायला घेतलं. पेटी उघडली, मला उचललं, माझ्या गळ्यापाशी नाक खुपसलं आणि ढसाढसा रडला. साठी उलटलेला माणूस, दार लावून घेऊन लहान मुलासारखा रडला. नंतरचं सगळं होऊनही त्या रडण्याबद्दल मला शंका नाही. ते खरं होतं. म्हणून तर मी त्याच्यावर विश्वास टाकला.

त्या वर्षी गावात हे संग्रहालय उभं राहत होतं. यहुद्यांची कला, त्यांचं जगणं, सगळं एका छपराखाली. जुन्या व्यापाऱ्याचं घर दुरुस्त करून घेतलेलं. इथल्या प्रमुख मखफिरतबाई. त्या आमच्या धर्माच्या नाहीत, पण लहानपण ह्याच मोहल्ल्यात गेलेलं. जीव ओतून काम करणारी बाई. रूबेननं मला त्यांच्या टेबलावर उलगडलं तेव्हा त्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

"असा निळा आता कुणाला जमत नाही," त्या म्हणाल्या. "हा लग्नाच्या दालनात जाईल. अगदी मधोमध. दारातून शिरल्या शिरल्या दिसला पाहिजे."

"आईचं नाव लिहाल?"

"मोठ्या अक्षरात." त्यांचा हात माझ्या डाव्या बाजूवर येऊन थांबला. "हे काय झालंय?"

रूबेन माझी बाही सरळ करू लागला.

"तुमच्याकडं कुणी गेलं की कपडा फाडतात, ना?" बाईंनी हळूच विचारलं. "तसं असेल तर सांगा हं. मी हात लावू देणार नाही. फक्त मग हा लग्नाच्या दालनात नाही ठेवता यायचा. शोकाच्या वस्तूंसाठी अजून जागाच झालेली नाही. होईल दोन-तीन वर्षांत. तोवर खाली पेटीत ठेवू, जपून."

बघा, तिनं विचारलं होतं. उत्तर त्याच्या ओठांत आणून ठेवलं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मी तीस वर्षं पेटीत काढली असती. पेटीची मला सवय आहे.

"नाही, नाही," रूबेन म्हणाला. "खिळ्याला अडकला होता."

"नक्की?"

"दारात खिळा होता एक. आई नेहमी म्हणायची."

आई नेहमी काय म्हणायची ते मला विचारा. पण मला कोण विचारतंय? मखफिरतबाईंनी कागद पुढं केला, 'वस्तूविषयी विशेष माहिती' अशी त्यात मोठी चौकट होती, त्यानं त्यात एक आडवी रेघ मारली आणि खाली सही केली.

मग मी मुनिराच्या हाती गेलो. मुनिरा म्हणजे इथली रफूगार. साठीची, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, कामात मग्न असली की स्वतःशी बोलणारी. खिडकीपाशी तिनं मला पसरलं आणि तास-दीड तास सुईला हातच लावला नाही. माझा काठ बघितला. फाट बघितली. पुन्हा काठ बघितला. मग उठून मखफिरतबाईंना बोलावून आणलं.

"ह्या दोन्ही शिलाया एकाच हाताच्या आहेत," ती म्हणाली.

"बरं, मग?"

"मग काय? जी बाई काठ असा शिवते ती इथं असं गबाळं शिवेल? दोरा पांढरा. निळ्यावर पांढरा कोण घेतं? हे मुद्दाम केलेलं आहे, बाई. मी नाही उसवणार."

मला वाटलं, वाचलो. एक परकी बाई, तिला आमच्या रीतीतलं ओ की ठो माहीत नाही, पण नुसत्या टाक्यांवरून तिनं बुलोरला ओळखलं होतं. मखफिरतबाईंनी तिथल्या तिथं अमेरिकेला फोन लावला. मुनिरानंही ऐकावं म्हणून आवाज मोठा ठेवला.

"रूबेन, पुन्हा विचारते, राग मानू नका. ते टाके तुमच्या आईनं मुद्दाम तसे घातले होते का?"

"मुद्दाम कशाला घालेल कुणी? म्हातारपणी डोळे गेले होते तिचे." तिकडून ताटवाट्यांचा, माणसांचा आवाज येत होता. "तुम्ही करून घ्या ना छानसं. उद्घाटनाला आमचे सगळे नातेवाईक येतायत. आईची वस्तू फाटकी दिसायला नको."

बुलोरचे डोळे शेवटपर्यंत उत्तम होते. ऐंशीव्या वर्षी ती तोवोच्या सुईत दोरा ओवून द्यायची.

मुनिरानं कच्चे टाके एकेक करून उसवले आणि केराच्या सुपलीत टाकले. माझ्याच आतल्या शिवणीतून रेशमाचे धागे काढले, ताणा-बाणा जुळवून घेतला आणि बारा दिवसांत फाट बुजवली. तिला दोष देऊ नका. तिनं विचारलं होतं. आणि काम असं केलं, की मलाच माझी फाट कुठं होती ते सापडेना.

उद्घाटनाला गर्दी झाली. रूबेन नवा सूट घालून आला, बरोबर चुलत-मावस भावंडं, त्यांची मुलं. सगळे माझ्यासमोर उभे राहून फोटो काढत होते. रूबेन लोकांना सांगत होता, "माझ्या आईचा. लग्नातला. आजोबांनी स्वतः रंगवलेला." अभिमानानं सांगत होता, आणि प्रत्येक शब्द खरा होता. तेवढ्यात तोवो आली. पंच्याऐंशीची, वाकलेली, कुणाच्या तरी नातीचा हात धरून. काचेला जवळजवळ नाक लावून तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हा तो नव्हे," ती म्हणाली.

"तोच आहे, तोवो मावशी," रूबेन म्हणाला.

"तो असेल तर फाट कुठाय? मी स्वतः पातं लावलंय त्याला."

रूबेन इकडं-तिकडं बघायला लागला. "ते... संग्रहालयवाल्यांनी केलं काहीतरी. त्यांना काय माहीत आपलं."

मखफिरतबाई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. "मी तुम्हाला दोनदा विचारलं, रूबेन," त्या सावकाश म्हणाल्या. "खिळा म्हणालात तुम्ही."

फोटो काढणारे थांबले. तोवो रूबेनकडं वळली. ती चिडली नाही. लहान मुलाला विचारावं तसं तिनं विचारलं, "तू सांगितलं नाहीस?"

तेव्हा मखफिरतबाईंनी पर्समधून किल्ली काढली. "अजून काही बिघडलेलं नाही. मुनिरा इथंच आहे. मी कपाट उघडते, ती रफू उसवेल, फाट पुन्हा होती तशी होईल. मग हा लग्नाच्या दालनात राहणार नाही, पण नीट राहील. वस्तू तुमची, सही तुमची. तुम्ही हो म्हणा."

किल्ली कुलपाला लागली होती. मी त्याच्याकडं बघत होतो. आयुष्यात मी कुणाकडं काही मागितलं नाही, त्या वेळी मागितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग भावंडांकडं, मग पाटीवरच्या मोठ्या अक्षरातल्या आईच्या नावाकडं.

"राहू दे आता," तो म्हणाला. "छान दिसतोय."

"छान दिसायला फाडला होता का तो?" तोवो म्हणाली, आणि नातीचा हात न धरता, भिंतीच्या आधारानं निघून गेली. ती पुन्हा आली नाही. त्या हिवाळ्यात ती वारली, असं मखफिरतबाई कुणाला तरी सांगत होत्या. आता बुलोरनं मला फाडलं ते बघितलेलं जगात कुणी राहिलं नाही, आणि मी असा धडधाकट उभा.

रूबेनवर रागवायचं तर किती रागवू? त्यानं मला विकलं नाही, फेकलं नाही. आईचं नाव मोठं व्हावं म्हणून आईचाच शब्द गिळला, आणि वर तिच्यावर डोळे गेल्याचा आळ घेतला. परक्यानं केलं असतं तर मी विसरलो असतो. ज्याच्या आसवांनी माझा गळा भिजला होता त्यानं केलं, ते विसरता येत नाही. जानेवारी आला की अंग कसंतरी होतं. कुणी पेटी उघडेल, कुणी ताटं मांडेल, असं वाटतं. ह्या दालनात मात्र बारा महिने लग्नच चालू असतं.

तुम्हाला पुढची दालनं बघायची असतील, मी अडवत नाही. फक्त बाहेर पडताना दारापाशी एक वही आहे, लोक त्यात अभिप्राय लिहितात. मखफिरतबाई कधीकधी माझ्यासमोर बसून ती वाचतात, आणि पानापानावर एकच असतं, जामा अगदी नवा वाटतो. तुम्ही ते लिहू नका. मी नवा नाही. ज्यानं आपला शेवटचा खडा फोडून मला निळा केला, तो गेलाय. बुलोरचा बाप होता, तसा माझाही होता. तुमच्या घरात असं झालं असतं तर लोक तुमच्याकडं बघून क्षणभर तरी गप्प झाले असते. माझ्यासमोरही तेवढे गप्प उभे राहा. माझा बाप वारलाय.